महापूर सगळ्यांचा, बरणी आमची

एकटीने उभं राहून स्वतःचा अनुभव सांगायचा, हे मी पहिल्यांदा केलं ते सांगलीत, विश्रामबागेतल्या एका सोसायटीच्या गच्चीवर, कोजागिरीला. विषय घेतला महापूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आमचं गावभागातलं घर पाण्यात होतं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही असेल तर तेच, असं वाटलं. कृष्णा कशी चढली, आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ वर कसं गेलं, बोटी कशा आल्या, सगळं सांगितलं. पाचव्या मिनिटाला मसाला दुधाचे पेले फिरायला लागले आणि मागच्या सतरंजीवर दोन काका २००५ ला त्यांच्या घरात पाणी कुठवर होतं ते एकमेकांना हात उंचावून दाखवत बसले.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पावसाळ्यात ज्या गावात ‘जेवलात का’च्या आधी ‘आयर्विनला किती?’ विचारतात, तिथे मी महापूर सांगायला निघाले होते!

गोष्ट सापडली ती नंतर, बँकेत, डबा खाताना. नव्याने बदलून आलेल्या मैत्रिणीने विचारलं, “मग तुम्ही घरातलं काय काय वाचवलंत?” मी म्हटलं, “लोणचं.” ती हसली आणि मी सांगत गेले. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलेलं. आई ओरडतेय, कागदपत्रांची पेटी माळ्यावर टाका. आणि बाबा त्या वर्षीच्या कैरीच्या लोणच्याची पाच किलोची चिनी मातीची बरणी पोटाशी धरून शिडी चढतायत. दादरा सुटला म्हणून अर्ध्या शिडीवरून परत खाली आले, सुतळी शोधली, फडकं पुन्हा बांधलं. पेटी राहिली खाली. आठ दिवसांनी परतलो तेव्हा चिखलात रुतलेली पेटी निघाली. माझी प्रमाणपत्रं चिमटे लावून दोरीवर वाळत घातली. बाबांनी तेवढ्यात बरणी उतरवली, दादरा सोडला, बोटावर खार घेऊन चाखला आणि म्हणाले, “मीठ कमी पडलंय.”

नव्याने सुरू करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की कागद-पेन घेऊन बसू नका. ज्याला ती गोष्ट माहीत नाही अशा एका माणसाला सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. तो कुठे हसतो, कुठे “मग?” म्हणतो, तेवढंच उतरवून काढा. मी आधी लिहायला बसायचे तेव्हा दर वेळी निबंध व्हायचा. कीर्तनात पूर्वरंगाला निरूपण आणि उत्तररंगाला आख्यान असतं ना, तसं आपण नवखे लोक दहा मिनिटं निरूपणच लावतो. बुवांना ते शोभतं, त्यांची तेवढी तयारी असते. आपण थेट शिडीवर चढावं.

दुसरी चूक मात्र मी मुद्दाम केली. बरणीला हसू मिळतंय म्हटल्यावर मला रडूही हवं झालं. मी जोडून दिलं, की ते लोणचं आजीच्या हातचं, शेवटचं, म्हणून बाबांनी वाचवलं. लोकांनी डोळे पुसले. घरी आल्यावर बाबा म्हणाले, “आजी २०११ ला गेली. लोणचं तुझ्या आईचं होतं. आणि मी कशासाठी बिशासाठी नेलं नाही, हाताला ते लागलं.” पुढच्या वेळी मी कारणच गाळलं. डोळे कुणी पुसले नाहीत, पण कार्यक्रमानंतर एक आजोबा येऊन म्हणाले, “आम्ही शेगडी वर नेली, सिलिंडर खालीच.” त्यांच्यामागे आणखी चार जण आपापली शेगडी घेऊन उभे. गच्चीवर जे पंधरा मिनिटांत जमलं नव्हतं, ते असं जमलं.

तिसरी चूक सांगताना अजून जीभ अडखळते. एका काकूंच्या नकलेवर मी हमखास टाळी घ्यायचे. ती त्यांनी दुसऱ्याच्या मोबाइलवर ऐकली. वर्षभर बोलणं बंद. आता ज्याच्यावर गोष्ट आहे त्याला ती आधी घरी जाऊन ऐकवते. बाबांनी सगळं सांगायला मोकळीक दिली, फक्त एका कर्जाचा उल्लेख काढायला लावला. काढला.

उभं राहण्याचं तंत्र म्हणाल तर थोडकंच आहे. एकटीने तीन माणसं करायची तर आवाज बदलत बसू नये, नजरेची जागा ठरवावी. माझी आई कायम डावीकडे खाली असते, बाबा उजवीकडे वर, शिडीवर. बोली फक्त पात्राच्या तोंडी. ‘काय करालाय वो?’ आईच म्हणते, मी निवेदनात म्हणत नाही. बारा मिनिटांवर गोष्ट नेऊ नये. आणि या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासून प्रत्येकाला नाटकातलं कळतं, तेव्हा “तिसऱ्या वाक्याला श्वास चुकला” असं ऐकायची तयारी ठेवा. बऱ्याचदा खरंच चुकलेला असतो.

पैशांचं लवकर आटपते. वाचनालयं, महिला मंडळं, गणेशोत्सव इथून सुरुवात होते आणि मानधन म्हणून शाल-नारळ मिळतो. माझ्याकडे अकरा शाली आहेत, सांगलीत थंडी किती पडते ते तुम्हाला ठाऊक आहे. प्रवासखर्च आमंत्रणाच्या फोनवरच बोलून घ्या, नंतर बोलवत नाही. तिकीट लावून नाट्यप्रयोग म्हणूनच करायचं झालं तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची मंजुरी लागते, म्हणजे तेव्हा लिहून काढण्यावाचून सुटका नाही.

गेल्या कोजागिरीला त्याच गच्चीवर पुन्हा बोलावलं. बाबा पहिल्या रांगेत, खुर्चीवर. मी बरणी माळ्यावरून उतरवली, दादरा सोडला, बोट तोंडात घातलं. इथे मी नेहमी एक श्वास थांबते. थांबले, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, “मीठ कमी पडलंय.”

इतकं हसू मला कधी मिळालं नव्हतं. मी नमस्कार केला आणि खाली बसले.