डॉकयार्डमधलं पाडून टाकलेलं युद्धकाळातलं वर्कशॉप कसं शोधायचं

ब्रिटनमधल्या एखाद्या नौदल डॉकयार्डात दुसऱ्या महायुद्धात घाईघाईत उभं केलेलं आणि पुढे पाडलेलं वर्कशॉप शोधायचं असेल तर पहिलं म्हणजे नकाशात तिथे मोकळी जागा दिसली म्हणून इमारत नव्हतीच असं धरून चालू नका. त्या काळी ऑर्डनन्स सर्व्हे, म्हणजे ब्रिटनची सरकारी नकाशे करणारी संस्था, छापील नकाशांतून लष्करी जागा मुद्दाम गाळायची, कोरा भाग दिसला की उलट तिथेच जास्त बघायचं.

मैलाला २५ इंच मापाचे जुने नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर फुकट बघता येतात. युद्धाआधीचा एक आणि नंतरचा एक घ्या आणि न हललेल्या खुणांवरून दोन्ही जुळवा, ड्राय डॉकच्या (जहाज दुरुस्तीसाठी पाणी काढून टाकता येणाऱ्या गोदीच्या) दगडी कडा सगळ्यात बऱ्या, रूळांवर भरवसा ठेवू नका कारण ते सारखे इकडचे तिकडे होतात.

खरा खजिना म्हणजे विमानातून काढलेले फोटो. युद्ध संपता संपता आणि पुढची काही वर्षं रॉयल एअर फोर्सने देशभर असे फोटो काढले, इंग्लंडचे स्विंडनच्या हिस्टॉरिक इंग्लंड आर्काइव्हमध्ये मिळतात, आणि जर्मन विमानांनी काढलेले, नंतर हाती लागलेले फोटो अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. फोटोत सावली मोजा. शेजारची २० मीटर उंचीची इमारत ८ मिमी सावली पाडत असेल आणि तुमचं वर्कशॉप ६ मिमी, तर ते साधारण १५ मीटर उंच, म्हणजे आत ओव्हरहेड क्रेन असायची बरीच शक्यता (सावली सपाट जमिनीवर पडलेली हवी, दुसऱ्या छपरावर पडली तर हिशोब चुकतो). छप्पर करवतीच्या दातांसारखं दिसलं तर काचा उत्तरेला असतात, लेथवर दिवसभर सारखा उजेड यावा म्हणून, आणि ब्लॅकआउटसाठी (रात्री शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून) याच काचा काळ्या रंगवायचे. त्या काळ्या काचांखाली लोकांनी दिवसासुद्धा दिव्यावर काम केलं, आज तिथे पार्किंग असलं म्हणून ही इमारत नुसती पार्किंगची जागा म्हणून लक्षात राहावी हे मला अजिबात पटत नाही.

मग कागद. लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एडीएम १४० (ADM 140) या मालिकेत नौदलाच्या बांधकामांचे प्लॅन आहेत. नुसत्या बिल्डिंग नंबरने शोधू नका, नंबर बदलतात, बॉयलर शॉप, प्लेट शॉप, गनमाउंटिंग शॉप (शॉप म्हणजे इथे वर्कशॉप) असं कामाच्या नावानेही शोधा. इम्पीरियल वॉर म्युझियमच्या फोटोंखाली सेन्सॉरमुळे बऱ्याचदा जागेचं नावच नसतं, तेव्हा मागची चिमणी, क्रेन, खिडक्यांची रांग जुळवून ओळखावं लागतं.

प्रत्यक्ष जागेवर जाणार असाल तर आधी परवानगी घ्या, आणि पडलेल्या पत्र्याचे तुकडे उचलू नका, त्या काळच्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असायचं.

शेवटी लिहिताना, १९४६च्या फोटोत आहे आणि १९५५च्या नकाशात नाही असं निघालं तर मधलं एखादं वर्ष अंदाजाने ठोकून देऊ नका, दोन्ही तारखा तशाच लिहा.