कार्ड घडीला तडकतं, कागद पन्हळीसारखा वाकतो? घरच्या कागदकामातल्या या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी भाचीच्या बारशाची 40 निमंत्रणं मी घरीच केली होती. पांढऱ्या कार्डशीटवर फुलाफुलांचा पातळ कागद चिकटवायचा, मधोमध घडी घालायची, आत मजकूर लिहायचा, एवढंच काम. दिवस जुलैचे, बाहेर इंदूरचा संततधार पाऊस. रात्री अकरापर्यंत बसून सगळी चिकटवली आणि जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवली. सकाळी पाहते तर चाळीसच्या चाळीस कार्डं कौलासारखी वाकलेली, आणि घडीवरचा रंग तडकून आतला पांढरा कागद दिसत होता. घरात सगळ्यांनी समजूत घातली, "हाताला सवय नाही, होईल हळूहळू." मलाही ते खरंच वाटलं.

पुढे कळलं की हाताचा त्यात फारसा दोष नव्हता. मला कागदच माहीत नव्हता. आता दिवाळीच्या सुट्टीत राजेंद्रनगरातल्या आमच्या घरी शेजारपाजारची दहा-बारा मुलं कागदकाम करायला येतात, आणि त्यांच्याही दहातल्या आठ अडचणी तिथेच येऊन थांबतात: कागदातले तंतू कुठल्या दिशेने आहेत आणि त्यांना पाणी लागलं की काय होतं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ग्रेन न बघता कागद कापणे

गिरणीत कागद तयार होताना लगदा धावत्या जाळीवर पडतो. त्यामुळे बरेचसे तंतू जाळी धावते त्याच दिशेने लांबून पडतात. छपाईवाले या दिशेला ग्रेन म्हणतात. लाकूड जसं शिरेच्या बाजूने सहज चिरतं, तसा कागद ग्रेनच्या दिशेने सहज वळतो आणि सरळ फाटतो. आडव्या दिशेने घडी घातली की तंतू मोडतात, आणि जाड कार्डशीट असेल तर घडीवर भेगा पडतात. वर्तमानपत्र एका बाजूने सरळ पट्टीत फाटतं आणि दुसऱ्या बाजूने वेडंवाकडं, ते यामुळेच.

ग्रेन ओळखायला अर्धा मिनिट लागतो. कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने कमी अडतो, ती घडी ग्रेनच्या दिशेची. हाताला समजत नसेल तर कोपऱ्यातून लहान चौकोन कापा आणि त्याची एकच बाजू ओल्या बोटाने पुसा. तुकडा लगेच नळीसारखा गुंडाळेल. ती नळी ज्या दिशेला लांब, ती ग्रेन.

आता यातली खरी गोम. बाजारात मिळणाऱ्या ए4 कागदात ग्रेन बहुधा लांब बाजूने, म्हणजे 297 मिलिमीटरच्या बाजूला समांतर असते. आपण कार्ड करताना काय करतो? ए4 घेतो आणि लांबी निम्मी होईल अशी मधोमध घडी घालतो. ती घडी नेमकी ग्रेनच्या आडवी जाते. माझी चाळीस कार्डं तशीच तडकली.

उपाय सोपा आहे. ए4 उभा ठेवा, रुंदीच्या मध्यावर लांबच लांब घडी घाला आणि मग ती लांब पट्टी मधोमध कापा. एका कागदातून 105 बाय 148 मिलिमीटरची दोन कार्डं मिळतात, घडी ग्रेनच्या दिशेने पडते, आणि बंद कार्ड 114 बाय 162 च्या तयार पाकिटात नीट बसतं. आकार लहान वाटेल, पण हातात घेतल्यावर चांगला वाटतो. मला तर मोठ्या कार्डापेक्षा हाच आवडतो.

इंदूरच्या खजुरी बाजारातून मोठ्या शीट आणल्या तर प्रत्येक शीटची ग्रेन आधी तपासा आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढून ठेवा. एकदा तुकडे केले की कुठला तुकडा कसा कापला होता ते आठवत नाही. दुकानात "गत्ता" मागितलात तर करडा पुठ्ठा हातात पडेल. कार्डासाठी 200 ते 250 जीएसएमची कार्डशीट मागा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद साधारण 75 ते 80 जीएसएमचा असतो, त्याचं कार्ड उभं राहत नाही. 300 च्या वर गेलात तर घरच्या कात्रीला ते जड जातं.

रेघ न दाबता घडी घालणे

ग्रेन बरोबर असली तरी जाड कागद नुसत्या बोटांनी दुमडू नये. स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने किंवा क्रोशाच्या बोथट सुईने आधी रेघ दाबून घ्या. खाली जुनं मासिक ठेवा, म्हणजे कागदाला दबायला जागा मिळते. एकदाच जोर लावून ओढण्यापेक्षा दोन-तीनदा हलक्या हाताने ओढा.

इथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात. दाबलेल्या बाजूला खाच पडते आणि मागच्या बाजूला बारीक उंचवटा येतो. खाचेच्या आत कागद मिटावा असं आपल्याला साहजिकच वाटतं. पण घडी उलट घालायची: उंचवटा कार्डाच्या आत गेला पाहिजे आणि खाच बाहेर राहिली पाहिजे. तशी घडी घातली की बाहेरचे तंतू कमी ताणले जातात. म्हणजेच रेघ नेहमी कार्डाच्या बाहेरच्या बाजूने दाबायची. घडी घातल्यावर वर साधा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने एकदा घासा. चमचा थेट कार्डावर घासलात तर तिथे चकाकी येते आणि ती जात नाही.

झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटची गडद छपाई घडीवर येत असेल तर रंगाचे पापुद्रे निघणारच, कारण ती शाई कागदात मुरत नाही, वर थर होऊन बसते. छपाई घडीपासून थोडी लांब ठेवा, एवढंच करता येतं.

गोंद जास्त, घाई जास्त

आता त्या वाकलेल्या कौलांकडे येऊ. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असतं. तंतू पाणी पितात आणि फुगतात, पण लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत वाढतात. त्यामुळे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने पसरतो. पसरलेला असताना तो आपण कोरड्या कार्डावर चिकटवतो, आणि वाळताना तो आक्रसून कार्डाला आपल्याकडे ओढतो. कार्ड वाकतं ते या ओढीने. दोन कागदांची ग्रेन एकमेकांना आडवी असेल तर कार्ड पिळल्यासारखं होतं, आणि ते मग कशानेही सरळ होत नाही.

म्हणून चिकटवायच्या दोन्ही कागदांची ग्रेन एकाच दिशेला ठेवा. गोंद बाटलीतून थेट ओतू नका. वाटीत थोडा घ्या आणि कार्डशीटच्या तुकड्याने, लोण्यासारखा पातळ, कडेपर्यंत ओढून लावा. गोंद घट्ट वाटतो म्हणून त्यात पाणी घालण्याचा मोह होतो, तो टाळा. कागद ठेवल्यावर मधून कडेकडे हात फिरवा. मग वर-खाली साधे कोरे कागद घालून रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. प्लास्टिकही नको, ओल आतच अडकते. पुठ्ठ्याची चौकट किंवा पेटी करत असाल तर मागच्या बाजूलाही त्याच जातीचा कागद लावा. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की पुठ्ठा सपाट राहतो.

आपल्या माळव्यात ऋतूप्रमाणे हात बदलावा लागतो, आणि हे कुठल्याही शिकवणीच्या व्हिडिओत सांगत नाहीत. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत गोंद अर्धा कागद लावून होईपर्यंत सुकतो. कडा उघड्या राहतात, आणि आपण म्हणतो गोंद वाईट निघाला. तेव्हा पंखा बंद करा आणि लहान लहान भागात काम करा. पावसाळ्यात कागद आधीच हवेतली ओल पिऊन बसलेला असतो. त्या दिवसांत शक्यतो काडीचा गोंद (ग्लू स्टिक) किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा, आणि कागद कपाटात आडवा, पिशवीत बंद करून ठेवा. गुंडाळी करून ठेवलेला कागद गुंडाळीचा आकार सोडत नाही.

पतंगीच्या कागदाला आणि चकचकीत घोटीव कागदाला पांढरा गोंद मुळीच लावू नये. पतंगीचा रंग ओला झाला की पसरतो. श्राद्धपक्षात मुली कागदाची संजा, म्हणजे भिंतीवरची देवीची आकृती, करतात, तेव्हा किलाकोटाचे, म्हणजे शेवटच्या मोठ्या किल्ल्यासारख्या आकृतीचे, घोटीव कागदाचे बारीक तुकडे गोंदाच्या ओलीने बोटालाच चिकटून येताना मी दरवर्षी बघते. तिथे खळ हवी. एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा, आणि गार झाल्यावर अगदी थोडी लावायची. माझी आजी आकाशकंदिलासाठी अशीच खळ करायची आणि कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायची. मोरचूद विषारी आहे. घरात मुलं असतील तर ती वाट धरू नका. खळ थोडी करा, फ्रिजमध्ये झाकून ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. कंदिलात मात्र साधा तापणारा दिवा नको, एलईडीच लावा. कागद आणि उष्णता यांत धोका पत्करू नये.

पॉप-अप कार्डाबाहेर डोकावणे

कार्ड उघडलं की उभा राहणारा गणपती किंवा पतंग मुलांना फार आवडतो. पण कार्ड मिटलं की त्याचं डोकं बाहेर येतं, मग मुलं तो कापतात आणि रडवेली होतात. हिशोब सोपा आहे. घडीपासून खालच्या पानावर जेवढ्या अंतरावर चित्र उभं धरणारी कागदाची पट्टी चिकटवली ते अंतर आणि मागच्या पानावर जेवढ्या उंचीवर चिकटवली ती उंची, यांची बेरीज करा. कार्ड मिटल्यावर पट्टीची घडी बरोबर तेवढी लांब जाते. आपल्या वरच्या कार्डाचं पान 105 मिलिमीटर रुंद आहे. पट्टी खाली 4 सेंटिमीटरवर आणि मागे 5 सेंटिमीटरवर लावली तर 9 सेंटिमीटर झाले, म्हणजे दीड सेंटिमीटर जागा उरली. 6 आणि 5 केलं की कार्डाबाहेर. पट्टीच्या पुढे चित्र चिकटवणार असाल तर ते किती पुढे येतं तेही यात धरा. आणि पट्टीच्या समोरासमोरच्या बाजू सारख्याच हव्यात, नाहीतर कार्ड मिटताना अडखळतं.

घरी हातकागद करताना

रद्दीपासून स्वतः कागद करण्यात वेगळाच आनंद आहे. पण इथे पहिली चूक रद्दी निवडतानाच होते. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं, त्यामुळे तो उजेडात पिवळा पडतो, आणि शाईने लगदा राखाडी होतो. गुळगुळीत मासिकांच्या कागदावर मातीसारखा थर असतो, त्यामुळे लगदा नीट धरत नाही. वह्यांची लिहिलेली पानं आणि झेरॉक्सची रद्दी उत्तम. आपल्याकडचे हातकागदवाले सुती चिंध्या वापरतात, म्हणून त्यांचा कागद इतका टिकतो. घरच्या मिक्सरला चिंध्या झेपणार नाहीत, तो नाद नको.

कागद बारीक फाडून रात्रभर भिजवा. मिक्सरमध्ये मूठभर लगद्याला भांडं पाऊण भरेल एवढं पाणी घ्या आणि थांबत थांबत फिरवा. पाणी कमी घेतलं तर मोटर तापते आणि गुठळ्या राहतात. यासाठी जुनं भांडं वेगळं ठेवा, त्यात पुन्हा चटणी वाटू नका. 100 ग्रॅम कोरड्या रद्दीतून ए5 आकाराचे, कार्डाला पुरतील असे साधारण पंधरा कागद निघतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी किलोभर भिजवू नका, उरलेला लगदा दोन दिवसांत वास मारू लागतो. आणि तो मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. गाळून, पिळून, वाळवून ठेवा.

जाळीच्या चौकटीवर थर घेतला, सुती कापडावर उलटला, स्पंजने पाणी टिपलं, लाटणं फिरवलं, इथवर सगळं नीट होतं. मग आपण तो गच्चीत उन्हात टाकतो आणि तो पापडासारखा वळतो. कडा आधी सुकतात आणि मधला भाग ओला राहतो, म्हणून असं होतं. ओला कागद काचेवर किंवा सनमायकावर सपाट दाबून सावलीत ठेवा. सुकला की आपोआप सुटतो, आणि त्याची एक बाजू छान गुळगुळीत होते.

या कागदावर पेनाची शाई पसरते, कारण त्यात शाई अडवणारं काही नसतं. लगद्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात शिजवून मिसळलं तर बराच फरक पडतो. पाकळ्या घालायच्या असतील तर झेंडू घाला, त्याचा पिवळा रंग राहतो. गुलाबाच्या पाकळ्या ओल्या लगद्यात तपकिरी होतात. फार वाटलं तर त्या पुस्तकात दाबून वाळवा आणि कागद तयार झाल्यावर वरून चिकटवा.

कात्री, लेखणी आणि पाकीट

कटरचं पातं बोथट झालं की कागद कापत नाही, ओढतो. टोक मोडून नवं घ्या, पट्टी स्टीलचीच वापरा, आणि जाड कागद एका दमात न कापता तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापा. मुलांच्या हातात कटर देऊ नका.

आतला मजकूर सगळ्यांत शेवटी लिहिला जातो आणि तिथेच चूक होते. सजावट पूर्ण झालेल्या कार्डावर "आजीस" ऐवजी "आजोबांस" लिहिलं गेलं की अख्खं कार्ड वाया. मी मजकूर वेगळ्या पातळ कागदावर आधी लिहून घेते आणि मग आत लावते. जेल पेन चकचकीत कागदावर फिरलं की शाई सुकायला वेळ लागतो, तेव्हा कार्ड लगेच मिटू नका.

पाकीट आधी आणा, कार्ड नंतर कापा. टपालाने पाठवणार असाल तर वजनही बघा, साध्या पत्राच्या टपालखर्चाचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा असतो. 250 जीएसएमचा अख्खा ए4 एकटाच साडेपंधरा ग्रॅमच्या वर भरतो, आणि मोठं पाकीट धरलं की टप्पा ओलांडला जातो. अर्ध्या ए4 चं आपलं छोटं कार्ड पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, वर पाकीट आणि चार-पाच ग्रॅमची सजावट घेऊनही ते टप्प्यात बसतं. मणी आणि टिकल्या लावल्या असतील तर ठप्पा मारताना त्या पाकिटातून टोचू नयेत म्हणून वर कोरा कागद घाला. मग चिकटवण्याआधी पाकीट एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा.