पडद्यावरचा तास आणि केंद्रसहायक

अभ्यासकेंद्रात पडद्यावरून तास सुरू असतो तेव्हा वर्गातले चेहरे सर-मॅडमना नीट दिसत नाहीत. केंद्रसहायक म्हणून त्यांचे डोळे-कान तुम्हीच. चित्र अडखळलं तर मुलं सांभाळून घेतात; आवाज तुटला की चुळबूळ सुरू होते. म्हणून आधी आवाज बघा.

अर्धा तास आधी या. लॅपटॉप वायफायवर न ठेवता लॅन केबलने जोडा. ७२०पी (साध्या एचडी) चित्रासाठी अपलोडचा, म्हणजे इथून बाहेर जाणारा, वेग ३ एमबीपीएस असला की निभतं. बरेच जण फक्त डाउनलोड बघतात, पण मुलांचे प्रश्न जातात ते अपलोडवरून. राउटर यूपीएसवर असू द्या, कारण वीज क्षणभर गेली तरी तो पुन्हा जागा व्हायला दोन-तीन मिनिटं खातो.

सरांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येतोय? दोष बहुधा त्यांच्याकडे नसतो, तुमच्या खोलीत असतो: स्पीकरचा आवाज तुमच्याच माइकमध्ये शिरतो. स्पीकर माइकच्या पुढे, मुलांकडे तोंड करून ठेवा आणि प्रश्न नसेल तेव्हा माइक बंद. शिट्टी वाजली तर मागच्या बाकावर कुणी मोबाइलवरून त्याच तासाला जोडलंय का ते बघा. बहुतेक वेळा सापडतं.

ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकू लागले तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची, कॅमेरा ६०वर लावलेला असतो. सेटिंगमध्ये ५० करा.

खरं कौशल्य प्रश्नांत आहे. ‘समजलं का?’ असं पडद्यावरून विचारलं की वर्ग गप्प बसतो. म्हणून तास चालू असतानाच चिठ्ठ्या गोळा करा, सारखे प्रश्न एकत्र करा आणि ठरलेल्या थांब्यावर मुलांनाच माइक द्या. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर. प्रश्न झाला की दोन सेकंद थांबायला सांगा. २००४ साली सोडलेल्या एज्युसॅट या शैक्षणिक उपग्रहावरच्या तासांत आवाजाला सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन परत यावं लागे, त्यात पाव सेकंद जाई. इंटरनेटवरही आवाज थोडा मागे राहतोच; घाई केली की दोघं एकदम बोलतात.

विषयातल्या शंकेचं उत्तर मात्र तुम्ही देऊ नका, येत असलं तरी.

जोडणी पाच मिनिटांत परत आली नाही तर सरांना फोन लावा, स्पीकरवर टाका, फोन वर्गाच्या माइकजवळ धरा. स्लाइडची पीडीएफ लॅपटॉपवर आधीच उतरवलेली असली तरच हे जमतं.

तास संपल्यावर लॅपटॉप लगेच मिटू नका. त्यावर रेकॉर्डिंग केलं असेल तर फाइल तयार व्हायला वेळ लागतो. ती उघडून अधलंमधलं मिनिटभर ऐका, मगच वीज बंद करा.