आंघोळ त्याची त्याला करू द्या: चित्रपट्टी कशी बनवावी

"साबण लाव. अरे, पाठ राहिली. आता पाणी ओत. पुरे!" स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या घरी न्हाणीघराच्या दारातून हा आवाज वर्षानुवर्षं येत असतो. मूल आंघोळ शिकतं, पण त्या आवाजासकट. आवाज थांबला की हातातला तांब्याही थांबतो. म्हणून सूचना आपल्या तोंडून काढून भिंतीवर न्यायच्या: आंघोळीच्या पायऱ्यांची चित्रं क्रमाने लावलेली पट्टी, म्हणजे चित्रपट्टी. मूल वयात येऊ लागलं असेल तर हे अजिबात लांबणीवर टाकू नका. आंघोळीच्या वेळी आत दुसरं कुणी नसणं हा त्याचाही हक्क आहे.

आधी स्वतः बादलीने आंघोळ करा आणि प्रत्येक कृती लिहून काढा. आपण ज्याला 'साबण लावणे' म्हणतो त्यात हात, पोट, पाठ, पाय अशी चार कामं निघतात. मूल जिथे अडतं तिथेच बारीक तुकडे करा. जे जमतं त्याला एकच चित्र पुरे.

मग फोटो काढा. तुमचीच बादली, तुमचाच तांब्या, तुमचाच साबण हवा, कारण बऱ्याच मुलांना रेखाचित्रापेक्षा ओळखीच्या वस्तूचा फोटो लवकर कळतो. फोटोत फक्त हात आणि वस्तू दिसू द्या. मुलाचा उघडा फोटो कधीही काढू नका. झेरॉक्सच्या दुकानातून कार्डं लॅमिनेट करून घ्या, मागे वेल्क्रो लावा आणि पाणी उडणार नाही अशा जागी, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर वरून खाली चिकटवा. खाली एक रिकामा डबा ठेवा. काम झालं की कार्ड डब्यात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात १९७२ मध्ये स्वमग्न मुलांसाठी राज्यभर सुरू झालेल्या 'टीच' (TEACCH) कार्यक्रमात मुलाला चार गोष्टी न बोलता कळाव्यात यावर भर असतो: काय करायचं, किती करायचं, संपलं कधी आणि पुढे काय. भिंतीवर उरलेली कार्डं आणि तो डबा नेमकं हेच सांगतात.

'किती' हा प्रश्न आंघोळीत फार छळतो. काही मुलं पाणी ओतायची थांबतच नाहीत. दोरीवर आठ चिमटे लावा. एक तांब्या ओतला की एक चिमटा पलीकडे. गरम पाणी मात्र सुरुवातीचे कित्येक महिने मोठ्यांनीच काढून द्यावं. पुढे शिकवाल तेव्हा बादलीवर दोन रंगांच्या पट्ट्या चिकटवा: खालच्या पट्टीपर्यंत आधी गार पाणी, मग वरच्यापर्यंत गरम. हा क्रम उलटू देऊ नका.

शिकवताना शेवटाकडून या. सुरुवातीला सगळी आंघोळ तुम्ही घाला, फक्त अंग पुसून टॉवेल दांडीवर टाकणं त्याचं. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी त्याला द्या. म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचाच. तुम्ही मागे उभे राहा. अडला तर मनात दहा आकडे मोजा, तरीही नाही तर कार्डाकडे बोट दाखवा. बोलू नका. हेच सगळ्यात अवघड जातं, मुलाला नव्हे, आपल्याला. एकाच पायरीवर तीन-चार दिवस अडला तर त्याला दोष न देता ती पायरी आणखी तोडा.

मामाकडे सुट्टीला जाताना चित्रपट्टी सोबत घ्या. तिथे बादलीऐवजी शॉवर असेल, तर नळाचे आणि शॉवरचे फोटो आठवडाभर आधी मागवून ती दोन कार्डं घरीच बदलून ठेवा.