गटार कोणाचं? दोन कार्यालयांच्या मधली गोष्ट

ठाण्यात आमच्या सोसायटीबाहेर मुख्य रस्ता आणि सेवा रस्ता यांच्यामधल्या गटाराचं झाकण तुटलं होतं. स्थानिक कार्यालय म्हणे, ते राज्य शासनाच्या खात्याचं. खातं म्हणे, सेवा रस्ता केव्हाच हस्तांतरित झालाय. दोन्हीकडे माणसं गोड बोलायची, हा आणखी ताप.

तक्रारी थांबवून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, बस्स. 'झाकण का बसवलं नाही' असं विचारलं नाही, कारण असलेल्या कागदाची प्रत मिळते, खुलासा मिळत नाही. मागितलं ते हस्तांतरणाचं पत्र आणि सोबतचा नकाशा. २००५च्या कायद्याचं कलम ६(३) इथे फार कामाचं: माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर अर्ज ५ दिवसांच्या आत तिकडे पाठवून अर्जदाराला तसं कळवावं लागतं. म्हणजे टोलवाटोलवी निदान कागदावर येते, जावक क्रमांकासह.

कागद आले. रस्ता खरंच हस्तांतरित झाला होता, पण नकाशात गटार हद्दीच्या रेघेबाहेर! खोटं कुणीच बोलत नव्हतं. प्रती जोडून दोन्ही उपअभियंत्यांना एकाच पत्राने संयुक्त पाहणी मागितली. जागेवर समोरासमोर उभे राहिल्यावर वाद फार टिकला नाही: झाकण खात्याने बसवायचं, गाळ स्थानिक कार्यालयाने काढायचा. झाकण बसलं, गाळही निघाला.

पाहणीच्या टिपणावर दोघांच्या सह्या झाल्या की प्रत तिथल्या तिथे मागून घ्या.