हाय-गेन ट्यूब अँप घेताना, विकताना आणि पारखताना या चुका टाळा

लातूर, नांदेड, परभणीच्या पोरांना हाय-गेन ट्यूब अँप, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारं आणि आवाज मुद्दाम फाटवणारं गिटारचं अँप, हवं असतं, पण हात लावून, वाजवून पाहता येईल असं दुकान जवळपास सहसा नसतं. मग सौदा मोबाईलवर होतो. पुण्या-मुंबईतल्या कुणाचं तरी हेड (स्पीकरविना नुसतं अँप), चार फोटो, एक व्हिडिओ, आणि मग ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल. चर्चा सगळी आवाजाची होते. मी सांगेन की आपल्याकडे आधी वीज बघा, मग कॅब (स्पीकरची पेटी) बघा, आवाजावरचा वाद त्यानंतर घाला.

वीज न बघता पैसे देणं

कुणाच्या नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेलं हेड स्वस्तात मिळतं. ते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं. जपानमधलं असेल तर १०० व्होल्टचं. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. थेट लावलं तर नशिबाने फ्यूज जातो, नाहीतर पॉवर ट्रान्सफॉर्मर. म्हणून मागच्या पट्टीचा स्पष्ट फोटो मागा आणि व्होल्टबरोबर हर्ट्झही वाचा. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, आणि बाहेरचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. १०० वॉटच्या हेडसाठी स्टेप-डाऊन किमान ५०० व्हीएचा घ्या, आणि अर्थिंगची पिन त्यातून पुढे अँपपर्यंत जाते का हे मीटर लावून तपासा.

अँप २३० चं असलं तरी काम संपत नाही. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की गावाकडे व्होल्टेज २०० पर्यंत किंवा त्याखालीही उतरतं. ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. भिंतीत २०० असेल तर तिथे साधारण साडेपाचच पोचतात. अँप मलूल वाजतं, पाम-म्यूट (तळव्याने तारा दाबून काढलेला आखूड आवाज) पसरतो, आणि माणूस नवीन ट्यूबवर पैसे घालवतो. संध्याकाळी, ज्या वेळी रोज वाजवता त्याच वेळी, बोर्डावर मल्टिमीटर लावून बघा. फरक मोठा असेल तर चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्यूब अँप चालवू नका. गॅदरिंगच्या किंवा गणपतीच्या स्टेजवर जनरेटर असेल तर अँपचा स्टँडबाय स्विच उघडण्याआधी तिथलंही व्होल्टेज मोजा.

घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंग पिन काढणं ही तर जिवावरची चूक आहे. गिटारच्या तारा अँपच्या चॅसीला जोडलेल्या असतात. अँपमध्ये बिघाड झाला आणि अर्थिंग नसलं, तर तारांवर हात आणि माईकला ओठ लागले की करंट शरीरातूनच जातो. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि तीन पिनांचा प्लग असूनही अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात पाणी घाला, वायरमनकडून तपासून घ्या. घरघरीसाठी अँप आणि पेडलचा अडॅप्टर एकाच बोर्डावर लावून पहा. गिटारची केबल काढल्यावर घरघर थांबली तर दोष गिटार, पिकअप किंवा खोलीत आहे. तरीही राहिली तर अँपच्या फिल्टर कपॅसिटरकडे किंवा पॉवर ट्यूबच्या (स्पीकरला ताकद देणाऱ्या ट्यूबच्या) जोडीकडे बघावं लागेल.

तुलना चुकीची करणं

दोन अँप शेजारी ठेवले की जे जास्त मोठ्याने वाजतं तेच आवडतं. कान असाच फसतो. दोन्हींचा आवाज मोबाईलमधल्या साऊंड मीटरने सारखा करा, एकच गिटार, एकच केबल, आणि मुख्य म्हणजे एकच कॅब. सेलेस्टियनच्या व्हिन्टेज ३० स्पीकरवर वाजवलेलं एक हेड आणि ग्रीनबॅक स्पीकरवर वाजवलेलं दुसरं, यांची तुलना ही बहुतांशी स्पीकरची तुलना असते. नॉबवरचे आकडेही जुळवू नका. एका अँपवरचा गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) ५ आणि दुसऱ्यावरचा ५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

वॉटबद्दलचा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. १०० वॉटचं अँप ५० वॉटच्या दुप्पट मोठ्याने वाजत नाही. फरक फक्त ३ डेसिबलचा. २० वॉटचं घेतलं म्हणून शेजारी शांत झोपतील असंही नाही, कारण १०० आणि २० मधला फरक जेमतेम ७ डेसिबल आहे. दहा बाय बाराच्या खोलीत वाजवायचं असेल तर मास्टर व्हॉल्यूम अगदी खाली असताना अँप कसं वाजतं ते ऐका. हाय-गेन अँपचं डिस्टॉर्शन (फाटलेला आवाज) मुख्यतः प्रीअँपमध्ये, म्हणजे सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागात, तयार होतं, म्हणून चांगलं मास्टर असलेलं हेड कमी आवाजातही बऱ्यापैकी तग धरतं.

गेन कमी वाटतो म्हणून अँप नापसंत करण्याआधी गिटार आणि अँपच्या मधे ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल वर. मार्शलच्या जेसीएम ८०० ला धार येते, मेसा बूगीच्या ड्युअल रेक्टिफायरचा सैल खालचा आवाज आवळला जातो. दोन्हीकडे हा जुना, खात्रीचा उपाय आहे.

नावावर पैसे मोजणं

पीव्ही कंपनीचं ५१५० हे अँप आलं १९९२ मध्ये, गिटारवादक एडी व्हॅन हेलनसोबत. व्हॅन हेलन आणि पीव्ही वेगळे झाल्यावर तेच डिझाइन ६५०५ या नावाने विकलं गेलं, आणि ५१५० टू चं नाव ६५०५ प्लस झालं. म्हणून जुन्या नावासाठी भलती किंमत मागितली तर थांबा. ईव्हीएच या व्हॅन हेलनच्याच ब्रँडचं ५१५० थ्री मात्र वेगळं अँप आहे. दुसरा सापळा मार्शल व्हॉल्व्हस्टेटचा: ८१०० सारख्या मॉडेलमध्ये प्रीअँपला एक १२एएक्स७ ट्यूब असते, पॉवर सेक्शन ट्रान्झिस्टरचा. अँप म्हणून ते वाईट नाही, पण 'फुल ट्यूब' म्हणून कुणी विकत असेल तर मागून टॉर्च मारून ६एल६ किंवा ईएल३४ या पॉवर ट्यूब दिसतात का बघा.

पाहायला गेल्यावर

कॅब जोडल्याशिवाय हेड चालू करू देऊ नका. लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हेड आणि कॅबमध्ये गिटारची केबल नको, स्पीकर केबलच हवी, आणि ओहम जुळलेले हवेत. १६ ओहमच्या दोन कॅब समांतर जोडल्या की ८ होतात, ८ च्या दोन जोडल्या की ४.

अर्धा तास तरी वाजवा. मग दिवे मालवून पॉवर ट्यूब निरखा. आतलं नारिंगी तेज आणि काचेवरची निळसर झाक नेहमीची असते. पण करड्या धातूची प्लेटच लाल होत असेल तर लगेच बंद करा. ट्यूब, बायस (ट्यूबमधून किती करंट वाहावा याचं सेटिंग) किंवा कपलिंग कपॅसिटर बिघडला आहे. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा टाकलेला आहे का, हेही काढून पहा. गेन वाढवल्यावर शिट्टी येत असेल तर पेन्सिलने प्रीअँपच्या ट्यूबवर हलकेच टकटक करा. जी घणघणते ती बदला. बहुतेकदा इनपुटजवळची पहिलीच निघते, आणि प्रीअँपच्या ट्यूबला बायस लागत नाही. पॉवर ट्यूब बदलली तर लागतो. मात्र मेसा बूगीच्या रेक्टिफायरमध्ये बायस फिरवायची सोयच दिलेली नसते, तिथे त्या मापाच्या निवडलेल्या ट्यूब घ्याव्या लागतात.

आत स्वतः हात घालू नका. ४५० व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतो. व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त केलेला एखादा जुना कारागीर गावात असेल तर त्याला सर्किटचा नकाशा छापून द्या, तो हे काम समजून करतो.

विकताना

ट्यूब कधी बदलल्या, कुठल्या सोल्डरला हात लागलाय, हे आधीच लिहा. लपवलेली गोष्ट पार्सल उघडल्यावर कळतेच आणि मग पैसे परत करताना भांडण होतं. पॉवर ट्यूब काढून, सॉकेटचा क्रमांक लिहून, वेगळ्या गुंडाळा. हेड वीस किलोच्या आसपासचं असतं आणि ट्रान्सफॉर्मर एकाच बाजूला, म्हणून खोक्यात खोकं, मधे थर्माकोल, आणि जड बाजू कोणती ते बाहेर मराठीत मोठ्या अक्षरांत. डिकीत पार्सल चढवणारा हमाल तेच वाचतो.