कला अंकाला चित्र, फोटो, लेख पाठवताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये चांगलं काम करणाऱ्यांची वानवा नाही. गोदाघाटावर भल्या पहाटे जलरंगांचं सामान मांडून बसणारे आहेत, कुंभमेळ्याचे फोटो जिवापाड जपणारे आहेत, लेण्यांवर अभ्यासून लिहिणारेही आहेत. पण अंक जुळवायला घेतला की दरवर्षी जीव हळहळतो. काम उत्तम असतं, मात्र आमच्या हाती येईपर्यंत त्याची पार रया गेलेली असते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं व्हॉट्सॲपवर. फोटो नेहमीसारखा पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं, आणि लांब बाजू बहुतेकदा १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर असा फोटो जेमतेम सव्वापाच इंच नीट उमटतो. ए-४ आकाराच्या पूर्ण पानाला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. रामकुंडावरच्या गर्दीचा फोटो मोबाइलवर खणखणीत दिसतो, पण पानभर छापला की चेहरे पुसल्यासारखे होतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. लहान फाइल ताणून मोठी करू नका, हरवलेला तपशील त्याने परत येत नाही. कडाही आधीच कापून टाकू नका. पान कापताना चारही बाजूंनी साधारण ३ मिलिमीटर जातात, शिवाय दोन पानांवर पसरलेल्या फोटोत मधला भाग शिवणीत दबतो. तिथे कुणाचा चेहरा आला की संपलंच.

चित्रकारांच्या बाबतीत फोटो काढतानाच घोळ होतो. चित्रावर आठवडाभर मेहनत घ्यायची आणि त्याचा फोटो मात्र भिंतीवरच, काचेसकट, ट्यूबलाइटखाली काढायचा! काचेत पंखा दिसतो, मोबाइल धरलेला हात दिसतो. त्याहून वाईट म्हणजे कागदाचा रंग बदलतो. जलरंगात घाटाच्या पायऱ्यांवरचं ऊन हे बहुतेक वेळा न रंगवता सोडलेला कोरा कागदच असतो. तो पिवळा पडला की सकाळची संध्याकाळ होते आणि चित्राचा प्राणच जातो. म्हणून चित्र फ्रेममधून काढा आणि सपाट, उभं ठेवा. ढगाळ दिवसाचा उजेड उत्तम. तो नसेल तर दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावा आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यावर, समांतर हवा. जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलात तर कडा फुगतात, त्यापेक्षा मागे सरून झूम करा. त्याच उजेडात ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचा पुठ्ठा) ठेवून एक फोटो जास्तीचा घ्या, रंग जुळवायला आम्हाला तो फार उपयोगी पडतो.

छापताना रंग थोडे उतरणारच. स्क्रीनवरचा झगझगीत निळा किंवा पोपटी चार शाईंच्या छपाईत तसाच येत नाही. तरी फाइल स्वतःच्या अंदाजाने सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या त्या चार रंगांत, बदलू नका, ते काम छापखान्याचा रंग-प्रोफाइल घेऊन आम्हाला करू द्या. अंक मॅपलिथोवर (साध्या, बिनचकाकीच्या कागदावर) आहे की गुळगुळीत आर्ट पेपरवर, हे मात्र जरूर विचारा. मॅपलिथोवर शाई पसरते आणि गडद भाग बुजतात. काळाराम मंदिराच्या काळ्या पाषाणावरचं कोरीवकाम तिथे नुसता काळा ठोकळा होऊन बसतं, तेव्हा सावल्या आधीच जरा उजळून द्या.

फोटोओळीकडे तर सर्रास दुर्लक्ष होतं. चित्राचं नाव, माध्यम, आकार (उंची आधी, मग रुंदी), वर्ष आणि चित्र कुणाच्या संग्रहात आहे, एवढं हवंच. शिल्पाचा फोटो असेल तर शिल्पकार आणि छायाचित्रकार दोघांची नावं द्या. ‘पांडवलेण्यातील दृश्य’ एवढ्यावर थांबू नका, लेण्याचा क्रमांक लिहा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख ३ क्रमांकाच्या लेण्यात आहे, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख १० क्रमांकाच्या नहपान विहारात. ही लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत, पांडवांशी त्यांचा संबंध फक्त नावापुरता. फोटोओळीत ‘पांडवांनी कोरलेली’ असं छापून गेलं, तर वाचक ते खरं धरून चालतो.

लेखकांना एवढंच सांगणं: मजकूर युनिकोडमध्ये पाठवा आणि सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे जोडाक्षरं फुटली तर पडताळता येतात. फोटो वर्डमध्ये चिकटवू नका, वेगळे द्या.

राहिला हक्कांचा प्रश्न. चित्र विकत घेतलं म्हणून ते छापायचा हक्क मिळत नाही. चित्रकाराच्या निधनानंतरही ६० वर्षं कॉपीराइट राहतो, त्यामुळे दिवंगत चित्रकाराचं काम वापरायचं तर वारसांची लेखी परवानगी घ्या. स्वतःचं काम देतानाही ‘छपाईचा हक्क फक्त या अंकापुरता’ असं मेलमध्ये स्पष्ट लिहा. लेखी करारात मुदत नसेल तर १९५७ चा कॉपीराइट कायदा ती ५ वर्षं धरतो. मानधनाचा आकडा आणि श्रेयनामावलीत नाव कसं यावं, हेही त्याच मेलमध्ये लिहून टाका.